डिकीतले अण्णा

"लागंना," शशिकाका म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं बटण पुन्हा दाबलं.

"हात वर धरून दाबा की," उत्तममामांनी सुचवलं. "आमच्या टीव्हीचा असाच लागतो."

काकांनी हात डोक्याच्या वर नेला. मग खाली आणून रिमोट गाडीच्या काचेला टेकवला, शर्टावर पुसला, तळहातावर आपटला. अण्णांची पांढरी इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मख्ख उभी होती. दिवा लुकलुकला नाही की कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही. दहाव्याचा दिवस होता. नुकतं उजाडलं होतं, गुरुजी प्रीतिसंगमाच्या घाटावर पोचले होते, आणि माझ्या वडिलांच्या अस्थींचा कलश या गाडीच्या डिकीत होता.

अस्थी घरात आणत नाहीत. आमचं स्वतःचं अंगण असतं तर तिथल्या झाडाला कलश टांगला असता. पण आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि सोसायटीत झाड एकच, बदामाचं. त्याला बांधायचं ठरताच सेक्रेटरी तांबवेकर हात जोडून आले. "तुमच्या भावना कळतात हो, पण खाली झोपाळा आहे. मुलं खेळायची बंद होतील." स्मशानात ठेवायची सोय होती, ती आईला नको होती. "तिथं त्यांच्या ओळखीचं कोण आहे?" असं तिने विचारलं. शेवटी मामांनी वाट काढली. "गाडी म्हणजे काय घर न्हाई. घराला चाकं असत्यात व्हय?" काकांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनाही चाकांचा मुद्दा पटला. मग कलश एका स्टीलच्या बादलीत ठेवला, तो हलू नये म्हणून भोवती अण्णांची गाडी पुसायची फडकी कोंबली, आणि डिकी लावून टाकली.

कलश बाहेर काढायची वेळ येईल तेव्हा डिकी उघडेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

मी त्या सकाळी खाली होते ती पूजेच्या सामानाची पिशवी पोचवायला. घाटावर मी जाणार नव्हते. आदल्या संध्याकाळी मी काकांना विचारून बघितलं होतं. मी एकुलती एक. अण्णा गेले तेव्हा मी पुण्याहून येणाऱ्या बसमध्ये होते, आणि मी घरी पोचले तेव्हा त्यांना उचलायची तयारी झाली होती. स्मशानात बायकांना नेत नाहीत म्हणून मला जिन्यापाशीच थांबवलं. तेव्हा निदान नदीवर तरी येऊ दे, एवढंच मागितलं होतं.

"चित्रा, पोरी, बायका घाटावर येत न्हाईत," काका म्हणाले होते. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला होता. "तू आईपाशी थांब. मी हाय की."

आई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिने ऐकलं की नाही, तेही मला कळलं नव्हतं. त्या दिवसांत तिच्याकडे कुणी काही विचारायला जात नव्हतं. सगळे तिच्यासमोर चहा ठेवून जात.

"चार्जिंग संपलं असंल," मामा म्हणाले.

"कसं संपंल?" काका भडकले. "दादाचा नियम मी मोडलेला न्हाई. ऐंशी टक्के, म्हंजे ऐंशी टक्के."

ऐंशी टक्क्यांचा नियम खरा होता: बॅटरी तेवढीच भरायची, जास्त नाही, कमी नाही. अण्णांनी उभा जन्म शिलाई मशीन विकण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवला. जे फिरतं त्याला तेल लागतं, यावर त्यांची श्रद्धा होती. आधीच्या पेट्रोल गाडीचं त्यांनी इतकं केलं की ती विकताना घेणाऱ्याला वाटलं, मीटर मागे फिरवलंय. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ही इलेक्ट्रिक घेतली, आणि पहिल्याच रविवारी तेलाची बुधली, फडकं, पाना घेऊन खाली गेले, बॉनेट उघडलं आणि तसेच उभे राहिले. इंजिन ऑइल नाही. फिल्टर नाही. प्लग नाही, बेल्ट नाही. त्या दिवशी तेलाची बुधली भरलेलीच परत वर आली.

सर्व्हिसिंगला गाडी नेली की तिथली मंडळी चहा संपायच्या आत परत द्यायची. "टायर पुढचे मागे केले, पाणी मारलं, सॉफ्टवेअर टाकलं, काका."

"टाकलं म्हणजे कुठं टाकलं? दाखवा."

दाखवता येत नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास उडाला. मग त्यांनी आपली आपण कामं शोधून काढली. दर रविवारी हवा तपासायची. चार्जिंगचं भोक रंगाच्या मऊ ब्रशने झाडायचं. वायपरच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरायची. कूलंटची पातळी बघायची, हात न लावता, नुसती बघायची, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. दाराच्या बिजागऱ्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. आणि संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली की तिच्या शेजारी स्टूल ओढून तेच पुस्तक मोठ्याने वाचायचं. गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी सुट्टीला घरी गेले की मलाही टायरच्या दाबावरचा अध्याय ऐकावा लागे.

आता त्या गाडीभोवती सोसायटी जमू लागली होती. दूध आणायला निघालेले थांबले, फिरून आलेले थांबले. प्रत्येकाने एकदा दाराची मूठ ओढून पाहिली, जणू आधीच्यांनी मनापासून ओढली नव्हती.

"इलेक्ट्रिकचं हेच असतं," तांबवेकर म्हणाले. "म्हणून मी डिझेल सोडली नाही."

"माझी डिझेलच हाय," काका म्हणाले. "तिच्यावरनं करंट देऊ का हिला? केबल कुणाकडं हाय का?"

"गप बसा," मामा घाईने म्हणाले. "हिच्यात चारशे व्होल्ट असत्यात. दाजींच्या मागोमाग तुमचंबी दहावं घालावं लागंल."

"मग हिचा चार्जर लावून बघू."

चार्जरची वायर ओढून आणली. चार्जिंगचं झाकण उघडायला गाडी उघडी लागते, हे वायर आणल्यावर लक्षात आलं. गुरुजींचा फोन आला. काकांनी "निघालोय, निघालोय" म्हणून तो बंद केला आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून स्पीकरवर टाकला. मराठीसाठी तीन दाबायचं होतं. ते त्यांनी इतक्या जोरात दाबलं की फोन हातातून सुटला.

"नमस्कार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," एक कोवळा, गोड आवाज म्हणाला. "सर, मी जनार्दन पोरे यांच्याशी बोलतेय का?"

"न्हाई. मी त्यांचा भाऊ."

"सर, सुरक्षेच्या कारणास्तव मला मालकांशीच बोलावं लागेल. मालक गाडीच्या जवळपास आहेत का?"

काकांनी आमच्याकडे बघितलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "जवळच हायेत."

"फोन त्यांच्याकडे देता का प्लीज?"

"ते आत हायेत. डिकीत."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"सर, मालक डिकीत अडकलेत का?"

"अडकलेत म्हंजे… आम्हीच ठिवलंय."

आवाजातला गोडवा गेला. "सर, त्यांचा श्वास व्यवस्थित चालू आहे का?"

काकांनी फोन माझ्या हातात कोंबला. मी त्या मुलीला सगळं समजावून सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं, तरी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी हसलं. तिने ऐकून घेतलं, समोरच्या यादीतून अशा प्रसंगाच्या ओळी शोधल्या आणि म्हणाली, "मॅडम, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मदतीची गाडी आपल्याकडे दुपारनंतर येऊ शकेल. आपली गाडी उत्तम स्थितीत राहण्यासाठी तिची नियमित देखभाल करत राहा."

"काच फोडू," फोन ठेवल्यावर काका म्हणाले आणि खाली वाकून विटेचा तुकडा शोधू लागले.

"काचेला हात लावायचा नाही, भावजी."

आई जिन्यातून खाली येत होती. दहा दिवसांत ती पहिल्यांदा खाली उतरली होती. पांढरी नव्हे, नेहमीच्या वापरातली निळी साडी, कठड्याला हात. माणसं आपोआप बाजूला झाली. तिने गाडीला एक फेरी मारली, पुढच्या टायरकडे बघितलं आणि काकांपुढे हात केला. काकांनी रिमोट दिला.

"हिच्यात दोन बॅटऱ्या असतात," आई म्हणाली. "मोठी गाडी पळवते. धाकटी दारं उघडते, दिवे लावते, समोरचा तो गाण्या-बातम्यांचा पडदा लावते. गाडी सुरू केली की मोठी धाकटीला भरवते. नुसता पडदा लावून बसलं की धाकटी एकटीच खपते."

काका आणि मामांनी एकमेकांकडे बघितलं नाही, ते अगदी ठरवून बघितलं नाही. घर बायकांनी भरलेलं असल्याने त्या दहा दिवसांत ही गाडी म्हणजे पुरुषांची बैठक झाली होती. सकाळी मामा पुढच्या सीटवर रेलून बातम्या लावायचे. संध्याकाळी काका एकटेच आत बसून जुनी गाणी ऐकायचे. चार्जिंग वाया जाऊ नये म्हणून गाडी मात्र कधी सुरू करायची नाही, फक्त पडदा लावायचा, यावर दोघांचं एकमत होतं. अण्णांची वस्तू जपून वापरली पाहिजे.

"म्हंजे मोठी भरल्याली हाय?" मामांनी विचारलं.

"आहे की. तिला काय झालंय?"

"मग आता कसं, वहिनी?" काकांचा आवाज उतरला होता. "गुरुजी खोळंबल्यात."

"उघडता येते."

"कशी?"

आईने पदर सारखा केला. "सांगते. मी आणि चित्रा घाटावर येणार."

तांबवेकरांना अचानक घरचं काहीतरी काम आठवलं, पण ते गेले नाहीत.

"वहिनी, असं कसं? रीत असती."

"असू दे की. रीतीनं उघडते का बघा."

काकांनी मामांकडे बघितलं. बहिणीविरुद्ध भाऊ काय बोलणार, मामा टायर निरखू लागले. पुन्हा गुरुजींचा फोन आला. "अहो पोरे, मला अजून दोन ठिकाणचं दहावं करायचंय. तुमचं होणार आहे की उरकून घेऊ पुढचं?" पुढचं उरकलं तर आपल्या भावाला रांगेत थांबावं लागणार, हे काकांना सोसलं नाही.

"बरं, या," ते म्हणाले. "पर पायरीवर लांब बसायचं. पाण्यात यायचं न्हाई. कलशाला हात लावायचा न्हाई."

"आधी कलश बाहेर निघू तर दे," आई म्हणाली.

तिने रिमोटच्या कडेला नख घातलं, एक खटका दाबला आणि आतून चपटी लोखंडी किल्ली ओढून काढली. जमलेल्यांतून "आयला" असा बारीक आवाज आला. चालकाच्या दाराच्या मुठीवरचं टोपण तिने त्याच नखाने उचकटलं. खाली किल्लीचं भोक होतं. दार उघडलं.

"पण डिकी विजेची आहे," ती म्हणाली. "तिला भोक नाही. आतून जावं लागतं. मागच्या सीटची पट्टी ओढून पाठ पाडायची, सरपटत आत जायचं. डिकीच्या दाराला आतल्या बाजूनं झाकण आहे, रुपयाएवढं. ते काढलं की कळ. ती डावीकडं सरकवायची." ती हे वाचून दाखवल्यासारखं बोलत होती, मध्ये पानं उलटायला थांबत होती.

काकांनी सीटच्या फटीकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पोटाकडे. मामांनी कुणी काही म्हणायच्या आत गुडघा चोळायला घेतला. तांबवेकर म्हणाले, "सोसायटीच्या नियमात बसत असतं तर मी—"

मी चप्पल काढली आणि आत शिरले.

सीटची पाठ पाडून मी पोटावर पुढे सरकले. आत काळोख होता, आणि मशीनच्या तेलाचा वास. फडक्यांचा. लहानपणी दुकानात गेले की अण्णांच्या बोटांना यायचा तोच. बाहेरून तीन जण तीन सूचना देत होते, त्या गोधडीतून ऐकू याव्यात तशा येत होत्या. माझं कोपर बादलीवर आपटलं. बादली कलंडू लागली तशी मी ती दोन्ही हातांनी धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, जरा सरका."

"कुणाशी बोलतीया ही?" बाहेरून काका.

"तुम्ही गप राहा," आई.

मी लगेच झाकण शोधलं नाही. तिथे दोघांपुरतीच जागा होती. दहा दिवसांत अण्णांच्या इतक्या जवळ मला कुणी येऊ दिलं नव्हतं, आणि आता सगळी सोसायटी बाहेर उभी राहून मला आणखी आत जायला सांगत होती. मी कपाळ बादलीच्या काठाला टेकवलं. स्टील गार होतं.

"सापडलं का गं?"

"शोधतेय," मी म्हणाले. झाकण माझ्या बोटांखालीच होतं.

मग ते काढलं आणि कळ सरकवली. डिकी एकदम वर गेली, डोळ्यांवर उजेड आला. समोर काका, मामा, तांबवेकर, दुधाच्या पिशव्या घेतलेली माणसं, आणि मी मांडी घालून आत बसलेली. कलश बादलीतून निघून माझ्या मांडीवर आला होता. तो केव्हा घेतला, मला आठवत नव्हतं.

"दे इकडं," काका हात पुढे करून म्हणाले.

फोन त्यांच्या खिशातून पुन्हा वाजला. त्यांनी गडबडीत तो स्पीकरवरच घेतला. "गुरुजी, निघाला एकदाचा. पर पोरीनं हातात घेतलाय. आता काय करायचं? गोमूत्र शिंपडू का?"

"तिनं उचललाय ना?" गुरुजी ओरडले, मागे दुसऱ्या कुणाचे तरी मंत्र ऐकू येत होते. "मग तिच्याकडंच राहू दे, नदीपर्यंत हातबदल नको, खाली ठेवणं नको, काही नको! गाडीत बसा आणि या!"

शास्त्राधार इतक्या ताबडतोब मिळेल असं काकांना वाटलं नव्हतं. त्यांचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

त्यांच्याच डिझेल गाडीतून आम्ही निघालो. पुढे काका आणि मामा, मागे कलश मांडीवर घेऊन मी आणि शेजारी आई. गाडीचा आवाज इतका होता की मागचं पुढे ऐकू जात नव्हतं. दत्त चौकापाशी मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं ना? पडदा लावून बसले की बॅटरी उतरते ते?"

"होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, घाटावर यायचं म्हणून तिने हे सगळं घडू दिलं. मी तिच्यावर खूश होते.

"सांगायला निघाले होते एकदा," ती म्हणाली. "चौथ्या का पाचव्या दिवशी. गॅलरीतून हाक मारणार, तर भावजी आत गाणी लावून रडत होते. स्टिअरिंगवर डोकं ठेवून. घरात सगळ्यांना धीर देत फिरायचं, मग रडायचं कुठं त्या माणसानं? मी म्हटलं, उतरू दे बॅटरी."

पुढच्या सीटवर काका मामांना सांगत होते की डिझेलचं काम कसं रोखठोक असतं.

घाटावर गुरुजींनी आमच्याकडे बघायलाही वेळ काढला नाही. मंत्र म्हणता म्हणताच त्यांनी मला पाण्यात उतरायची खूण केली. काका गुडघाभर पाण्यात माझ्याशेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता तरी ते कलश मागतील. त्यांनी माझं कोपर धरलं. दगड निसरडे होते. कृष्णा एका बाजूने येत होती, कोयना दुसऱ्या बाजूने. मी कलशाच्या तोंडाला बांधलेलं कापड सोडलं आणि तो कलता केला. अण्णा पाण्यावर क्षणभर राखाडी दिसले, मग पाणीच दिसू लागलं.

पिंड झाले, कावळा लगेच शिवला. गुरुजी दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले, "आता सरळ निघायचं. कुणी मागं वळून बघायचं नाही. गाडीत बसेपर्यंत नाही." आणि पुढच्या दहाव्याकडे गेले.

आम्ही पायऱ्या चढू लागलो. सर्वांत पुढे काका, मग मामा, मग आम्ही दोघी. अर्ध्यावर आई थांबली. वळली, आणि नदीकडे तोंड करून पायरीवर बसली.

आमच्या पावलांचा आवाज थांबल्याचं काकांना कळलं. "वहिनी? चला."

"बसते जरा."

"मागं बघताय का काय?" ते समोरच्या झाडाला उद्देशून ओरडले. त्यांना वळता येत नव्हतं. "मागं बघायचं नसतंय, वहिनी!"

"तुम्ही नका बघू," आई म्हणाली.

"मामा, काय करत्यात बघा की वहिनी."

"मी कसा बघू?" मामाही झाडाकडे बघत म्हणाले.

मी आईच्या शेजारी बसले. दोघंही वर, आमच्याकडे पाठ करून, ताठ उभे होते. एकदा रागवत, एकदा विनवत. काय चाललंय हे बघायची त्यांना सोय नव्हती. आईने माझा हात धरला आणि रडायला सुरुवात केली, मोठ्याने, तोंड न झाकता. मग मीही.

वरचं ओरडणं थांबलं. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, पुष्कळ हळू, झाडाकडे बघतच. "सावकाश या. आम्ही हाय हितंच."